दुसऱ्या तासाची नोंद

बाळंतपणानंतरच्या पहिल्या तासात खोलीत माणसं असतात. वार पडते, टाके घातले जातात, बाळाचं वजन होतं, कोणी ना कोणी बाळंतिणीजवळ उभं असतं. दुसऱ्या तासात एकेक जण निघून जातो, बाळंतीण डोळे मिटते आणि सगळं निवांत वाटू लागतं. त्या दिवशी जे घडलं ते याच निवांत तासात.

बाळ १० वाजून १० मिनिटांनी जन्मलं. कळा लांबल्या होत्या, पण शेवट सुखरूप झाला. जन्मल्यावर मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे (गर्भाशय आवळायला लावणारं औषध) १० युनिट दिले होते. वार आठ मिनिटांत पडली, रक्त मोजून २५० मि.ली. भरलं, दोन टाके पडले. बाळाचं वजन २.३ किलो. पुढची दर १५ मिनिटांची तपासणी शिकाऊ परिचारिकेकडे होती आणि तिने एकही फेरी चुकवली नव्हती. पावणेबाराला मी तक्ता पाहिला. शेवटच्या चार ओळींत नाडी ८४, ८८, ९६, १०८ आणि रक्तदाब ११६/७४, ११४/७६, ११२/७८, ११०/८०. शेरा चारही वेळा ‘ठीक’.

एकेक ओळ आडवी वाचली तर खरंच ठीक. तक्ता वाचायचा असतो उभा. नाडी चढतेय, वरचा आकडा उतरतोय, खालचा चढतोय, म्हणजे दोन आकड्यांतलं अंतर ४२ वरून ३० वर आलंय. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढलेलं असतं, त्यामुळे तरुण बाळंतीण बरंच रक्त गेलं तरी रक्तदाब सांभाळून धरते. तो पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून नाडीला वरच्या रक्तदाबाने भागायचं, उत्तर ०.९ किंवा त्याहून जास्त आलं की पलंगापाशी जायचं. इथे १०८ भागिले ११०, म्हणजे ०.९८.

पूर्ण एक मिनिट मोजली तर नाडी ११६. कपाळावर गार घाम. वरून पॅड पाहिला तर अर्धाच भिजलेला, आणि विद्यार्थिनी दर वेळी तेवढंच पाहत होती. उताणं झोपलेल्या बाईचं अंगावरून जाणारं रक्त पॅडवर थांबत नाही, ते मागे ओघळून पाठीखाली साचतं. कुशीवर वळवून हात कमरेखाली घातल्याशिवाय ही तपासणी पूर्ण होत नाही. वळवलं, तर खालची चादर भिजून जड झालेली.

पोटावर हात ठेवला. यावेळी गर्भाशय बेंबीच्या पातळीत किंवा जरा खाली, मधोमध, हाताला गच्च लागायला हवं. ते बेंबीच्या दोन बोटं वर होतं, उजवीकडे सरकलेलं आणि भिजवलेल्या कणकेसारखं मऊ. वर, उजवीकडे आणि मऊ या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या की आधी मूत्राशयाचा संशय घ्यायचा. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं आणि डाव्या बाजूला मोठं आतडं असल्याने ते बहुधा उजवीकडे झुकतं. तसं ढकललेलं गर्भाशय नीट आवळत नाही. वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या मिटायला तर स्नायूंचं आवळणंच लागतं.

“ताई, लघवी झाली होती का?”

“हो सिस्टर, दोनदा झाली. थोडी थोडी.”

विद्यार्थिनीनेही हाच प्रश्न विचारला होता आणि ‘हो’ ऐकून पुढे गेली होती. थोडी थोडी दोनदा होणं म्हणजे बऱ्याचदा तुडुंब भरलेल्या भांड्यातून सांडणं असतं. लांबलेल्या कळांनंतर मूत्राशयाची जाणीव बोथट होते, टाक्यांच्या धास्तीने बाई जोर करत नाही. म्हणून झाली का एवढं विचारून भागत नाही. किती झाली ते भांड्यात मोजायचं.

हाक मारून मदत बोलावली, डॉक्टरांना निरोप गेला आणि मसाज सुरू केला. इथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली. दोन्ही हातांनी वरून दाबतात. मऊ गर्भाशय जोराने खाली रेटलं तर ते उलटं होऊन बाहेर येऊ शकतं. एक हात ओटीपोटाच्या तळाशी लागणाऱ्या पुढच्या हाडाच्या लगेच वर, खालचा भाग सावरून धरणारा; दुसऱ्या हाताचा तळवा गर्भाशयाच्या माथ्यावर गोल फिरणारा. ते जरा आवळल्यावरच आतल्या रक्ताच्या गाठी बाहेर काढायच्या. मुठीएवढी एक गाठ आली. गर्भाशय कडक झालं आणि हात उचलताच पुन्हा सैल पडलं.

मग कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला. लघवी ६५० मि.ली. पिशवी भरत असताना माझ्या हाताखाली गर्भाशय खाली उतरून मधोमध आलं. विद्यार्थिनीचा हात धरून मी तिथेच ठेवला. वर्गात चित्र काढून हे कळत नाही.

एव्हाना दोन्ही हातांत जाड सुया लागल्या होत्या, रक्तगट आणि क्रॉसमॅचसाठी (द्यायचं रक्त जुळतं का ते पाहायला) नमुने गेले होते. एक लिटर सलाईनमध्ये ऑक्सिटोसिनचे २० युनिट, मिनिटाला ६० थेंब. हे औषध न मिसळता एकदम शिरेत सोडलं तर रक्तदाब कोसळतो, आणि आधीच रक्त गेलेल्या बाईला तो धक्का झेपत नाही. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. बाहेर राहून गेलेली कुपी पाण्यासारखीच दिसते, फक्त काम कमी करते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम, १० मि.ली., दहा मिनिटांत सावकाश शिरेतून. बाळंतपणापासून तीन तासांच्या आतच त्याचा उपयोग असतो. आम्ही पावणेदोन तासांवर होतो.

लघवीचं कारण सापडलं म्हणून बाकीची कारणं सुटत नाहीत. वार पुन्हा पसरून पाहिली, पूर्ण होती. टाके आणि योनीमार्ग उजेडात तपासले. फाटलेलं काही राहिलं नव्हतं. साध्या काचेच्या नळीत घेतलेलं रक्त सात मिनिटांच्या आत गोठलं, म्हणजे गोठण्यातही दोष नव्हता. यातलं काही चुकीचं निघालं असतं तर मसाज करत बसण्यात वेळ गेला असता.

रक्त किती गेलं हे डोळ्यांनी ठरवायला गेलं की जवळजवळ नेहमीच कमी भरतं, आणि रक्त जितकं जास्त तितका अंदाज अधिक चुकतो. म्हणून वजन करायचं. १ ग्रॅम म्हणजे १ मि.ली. कमरेखालचं पॅड कोरडं ६० ग्रॅम, भिजलेलं ४१०. छोटे दोन पॅड कोरडे प्रत्येकी २० ग्रॅमचे, भिजून ११० आणि १३०. म्हणजे ३५० अधिक २००, एकूण ५५०. सुरुवातीचे २५० धरून ८००. गाठ आणि चादर अजून वेगळीच. विद्यार्थिनीने तोंडी अंदाज सांगितला होता, ‘तीनेकशे’.

आणि या सगळ्यात बाळ?

ते वॉर्मरखाली, वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली, होतं, म्हणून कोणाला काळजी नव्हती. मी तळवे पाहिले, थंड. पोटाला हात लावला, तेही थंड. नुसते तळवे थंड असतील तर बाळ गारठू लागलेलं असतं. पोटही थंड म्हणजे गारठलेलं. काखेतला पारा ३५.७. कारण समोरच होतं. जन्मल्यावर पुसलेला ओलसर टॉवेल आत तसाच, त्यावर तीन कापडं घट्ट गुंडाळलेली, केस अर्धवट ओले. वरून येणारी ऊब उघड्या त्वचेवर पडली तरच कामाची. गुंडाळलेल्या बाळाचं फक्त कापड तापतं, आणि आतला ओलावा बाळाची उष्णता पीत राहतो.

ओलं सगळं काढलं, अंग आणि डोकं कोरडं केलं, टोपी, मोजे, लंगोट. आईवर उपचार चालू होते, म्हणून बाळाला आजीच्या उघड्या छातीशी उभं धरून वरून दोघांना मिळून पांघरूण घातलं. आजी बिचकली, “सिस्टर, मला चालेल ना?” चालतं. ऊब कोणाच्याही निरोगी अंगाची असते.

गारठलेलं बाळ साखर भराभर जाळतं, तशात वजन कमी आणि दीड तासाहून जास्त वेळ पोटात काही नाही. टाच आधी चोळून गरम केली, स्पिरिट पूर्ण वाळू दिलं, टाचेच्या मधोमध न टोचता कडेला टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला. ओलं स्पिरिट किंवा पिळून काढलेलं रक्त आकडा बिघडवतं. साखर ४१. सीमारेषा ४५. बाळ थरथरत नव्हतं, हाक मारल्यासारखं तोंड वळवत होतं, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून काही न देता आधी दूध पाजायला सांगितलं.

आई थकलेली, पण शुद्धीवर. तिला विचारून, अंगठा आणि बोटं बोंडापासून दोन-तीन सें.मी. मागे ठेवून, आधी छातीकडे मागे, मग एकमेकांकडे असं दाबत चीक काढला. बोंड ओढायचं नसतं, दुखतं आणि निघतही नाही. चीक थेंबाथेंबानेच येतो, धार शोधू नये; चमच्यात ४ मि.ली. जमला. तो बाळाच्या ओठाशी लावून हळूहळू चाटवला. विद्यार्थिनीचा हात अजून पोटावरच होता. चीक काढताना ती एकदम म्हणाली, “सिस्टर, कडक होतंय.” स्तनातून निघालेला इशारा आईच्याच शरीरातलं ऑक्सिटोसिन सोडतो आणि गर्भाशय आवळतं. जन्मल्याबरोबर बाळ आईच्या छातीवरून न हलवता तिथेच अंगाला लावलं असतं तर ते गारठलं नसतं आणि हा इशाराही सव्वादहाच्या सुमारासच सुरू झाला असता. मूत्राशय मात्र त्याने रिकामं झालं नसतं.

साडेबाराला बाळाचा पारा ३६.२. पाऊण वाजता रक्त थांबल्यावर आईच्या छातीवर ठेवलं. तोंड मोठं उघडून बाळाने धरलं, काळा भाग खालून जास्त आत घेतलेला. एक वाजता साखर ५६, पारा ३६.६. आईची नाडी ९२, रक्तदाब ११२/७०.

शेऱ्याच्या रकान्यात यावेळी ‘ठीक’ नव्हतं. तिने लिहिलं होतं: गर्भाशय बेंबीच्या एक बोट खाली, मधोमध, कडक. कुशीवर वळवून पाहिलं, चादर कोरडी. पॅड वजा कोरडं वजन १५ ग्रॅम. कॅथेटर चालू, तासाला ६० मि.ली. बाळ छातीवर, तळवे गरम.