गुडघा बदलण्याआधी

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या आसपास पडणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा 54,720 रुपये अधिक जीएसटीवर आला. फार मोठं काम झालं ते! पण माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या बऱ्याच मावशींना ऑपरेशन नव्हे, मांडीचे स्नायू बळकट करायला हवे असतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. ‘हे आधी कुणी सांगितलं का नाही?’ एक काकू कळवळून म्हणाल्या.

डेन्मार्कमध्ये 2013 पासून सांध्यांची झीज झालेल्यांसाठीच्या ‘ग्लॅड’ उपक्रमात हेच शिकवतात: आजाराची माहिती आणि देखरेखीखाली व्यायामाची 12 सत्रं. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीची पायरी चढून तालुक्याला यायला लावू नका.