वांग चुचिनची दुसरी बॅट

31 जुलै 2024 ला दुकानात धंदा यथातथाच झाला, बडबड मात्र भरपूर.

आदल्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वांग चुचिन आणि सुन यिंगशा यांनी उत्तर कोरियाच्या जोडीला 4-2 हरवून मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. टोकियोत चीनच्या हातून निसटलेलं टेबल टेनिसचं एकमेव सुवर्ण हेच होतं, त्यामुळे जल्लोष जोरात. त्या गर्दीत एका फोटोग्राफरच्या पायाखाली वांगची बॅट मोडली. ब्रेकमध्ये बॅट टेबलावरच ठेवायची असा नियम आहे. सामना संपला की मग तिला कुणी वाली नाही. दुसऱ्या दिवशी हा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू एकेरीत बत्तिसांच्या फेरीत स्वीडनच्या ट्रूल्स मोरेगार्डकडून 4-2 हरला.

मी पुण्यात बॅटी जुळवून देतो. ब्लेड, म्हणजे बॅटचं लाकूड, निवडायचं, रबर चिकटवायचं, कापायचं. त्यामुळे जो तो मलाच विचारत होता, बॅटमुळे हरला का हो? क्लबातल्या काकांचं मत झालं, नाचता येईना अंगण वाकडं. पोरं म्हणाली, साफ अन्याय. मोरेगार्ड 2021 च्या जागतिक स्पर्धेचा उपविजेता आहे, हे एकालाही आठवलं नाही. त्याचं षट्कोनी ब्लेड मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. 'तसलं आहे का' म्हणून विचारणारे त्याच दिवशी सुरू झाले.

संध्याकाळी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी तेरा-चौदा वर्षांची, निवड चाचणी तोंडावर.

"हिची बॅट अशी मोडली तर काय करायचं? सेम टू सेम दुसरी करून द्या."

सेम टू सेम. या दोन शब्दांवर माझं अर्धं आयुष्य गेलंय. एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं ब्लेड घ्या. काट्यावर एक 84 ग्रॅम भरतं, दुसरं 90. शेवटी लाकूडच ते. वजन जुळलं तरी बोटाने टकटक केलं की एक टणक वाजतं, दुसरं भरीव. मग रबर. तेच नाव, तोच रंग, पण त्याखालच्या स्पंजचा कडकपणा उन्नीस-बीस असतोच. ग्लू हल्ली पाण्याचा. पांढरा पसरवायचा, पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, मगच दुसरा हात. घाईत जाड बसला तर वजन वाढतं आणि जाडीही. रबर, स्पंज आणि ग्लू मिळून 4 मिलिमीटरच्या वर गेलं की मोठ्या स्पर्धेत तपासणीत बॅट बाद. चिकटवताना रबर ताणलं गेलं तर काही दिवसांनी कडेला आत सरकतं आणि लाकूड उघडं पडतं. आणि मूठ! जुन्या मुठीवर मालकाच्या अंगठ्याने केलेली जागा असते, ती मी कुठून आणू?

हे सगळं वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पैशाचं बघू नका." पालकांना वाटतं की पैशाने लाकडाच्या रेषाही जुळतात.

तरी जीव लावून काम केलं. गठ्ठ्यातून जवळात जवळचं ब्लेड शोधलं. जुन्या बॅटीचीही रबरं झिजली होती, म्हणून दोन्हींना नवी लावली. मुठींवर सारखी ग्रिप टेप गुंडाळली. शेवटी नवी दोन ग्रॅम जड भरली. दुकानामागे टेबल आहे. तिला दोन्ही बॅटी आळीपाळीने दिल्या, कुठली कुठली ते न सांगता. मुलगी बराच वेळ खेळली आणि ठामपणे म्हणाली, "काका, ही माझी." ती नवी होती.

मी गप्प राहिलो. वडिलांना राहवलं नाही. "अगं, ती दोन ग्रॅम जड आहे!" त्यानंतर तिचे बॅकहँड जाळ्यात जायला लागले. म्हणे, उशिरा येतेय.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. वांगच्या दोन बॅटींमध्ये फरक असणारच, माझा धंदाच त्या फरकावर चालतो. पण 9 ऑगस्टला चीनने स्वीडनला 3-0 हरवून सांघिक सुवर्ण घेतलं, त्यात वांगने दुहेरी आणि एकेरी दोन्ही जिंकल्या. मोडलेली बॅट तेव्हाही नव्हतीच. मग त्या एका दिवशी हातात दुसरी बॅट होती म्हणून हरला, की हातात दुसरी बॅट आहे हे माहीत होतं म्हणून? की मोरेगार्ड नुसता चांगला खेळला? मला मनातून कारण बॅटच असायला हवी आहे, हे कबूल. ती नसेल तर मी इतकी वर्षं ग्रॅम मोजत काय बसलोय? आणि याच वांगने 2019 मध्ये ऑस्ट्रियात हरल्यावर रागाने बॅट फेकली, तेव्हा त्याच्याच संघटनेने त्याला तीन महिने खेळू दिलं नव्हतं. मोडली त्याचा राग, फेकली त्याची शिक्षा. बॅटीला ते लोक काय समजतात ते यावरून कळतं. आमच्याकडे पोरं हरल्यावर टेबलावर बॅट आपटतात आणि पालक नवी घेऊन देतात.

जाताना वडील म्हणाले, "मेन बॅटीवर खूण करून द्या." मुलगी म्हणाली, "नको काका." मी खूण केली नाही. पैसे वडिलांनी दिले होते, त्यामुळे ते जरा फुरंगटूनच गेले.

चाचणी झाल्यावर मुलगी कडेची टेप बदलायला आली. एका मुठीवर स्केचपेनचा ठिपका होता, तिनेच काढलेला. दोन्ही बॅटी काट्यावर ठेवून पाहिल्या. ठिपका जड बॅटीवर होता.