अलास्का दुसऱ्यांदा: मार्ग निवडण्याची टिपणे

रविवार

अलास्काला पुन्हा जायचे, हे ताईचे आणि माझे केव्हाच ठरले होते. प्रश्न उरला होता तो मार्गाचा. आज दुपारभर निरनिराळ्या क्रूझची वेळापत्रके शेजारी शेजारी मांडून बसले, तेव्हा जाणवले की जहाजे कितीही वेगळी दिसली तरी सात रात्रींच्या बहुतेक फेऱ्या एकाच साच्यातल्या आहेत. सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हरहून निघायचे, केचिकन, जुनो आणि स्कॅगवे ही तीन बंदरे करायची, एक दिवस एखाद्या हिमनदीसमोर घालवायचा आणि निघालो तिथेच परत यायचे. पहिल्या खेपेला हा साचा उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुसऱ्या खेपेला मात्र नुसते जहाज बदलून, अधिक ऐसपैस केबिन घेऊन किंवा आणखी उपाहारगृहांची चैन करून काही साधत नाही, कारण डेकवरून दिसणारा किनारा तोच राहतो. त्यामुळे जहाजांच्या वर्णनांची पाने मी सरळ बाजूला ठेवली आणि फक्त बंदरांची नावे व पोहोचण्या-सुटण्याच्या वेळा वाचत गेले.

वेळांवरून एक कोडे उलगडले. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फेरीत शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा मुक्काम असतो, आणि तोही असा की जहाज धक्क्याला लागेपर्यंत दिवस कलायला आलेला असतो. याचे मूळ अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यात आहे. परदेशी ध्वजाखालच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवता येत नाही; ते निघाले त्याच बंदरात परतत असेल तर वाटेत निदान एका परदेशी बंदराला स्पर्श करावा लागतो. मोठी क्रूझ जहाजे जवळजवळ सगळीच परदेशी ध्वजाची, त्यामुळे व्हिक्टोरियाचा मुक्काम प्रवाशांच्या हौसेपेक्षा कायद्याची पूर्तता म्हणून अधिक असतो. २०२१ मध्ये कॅनडाची बंदरे क्रूझसाठी बंद होती, तेव्हा या अटीतून वाट काढण्यासाठी अमेरिकन काँग्रेसला तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला होता. याच नियमामुळे एकेरी उत्तरेकडे जाणाऱ्या फेऱ्या सिअ‍ॅटलहून नव्हे, तर व्हँकुव्हरहून सुटतात: आरंभच परदेशात झाला की पुढे अलास्कात कुठेही उतरता येते.

हे समजल्यावर माझा कल एकेरी मार्गाकडे झुकला. त्याला आणखी एक कारण आहे. सिअ‍ॅटलची जहाजे वेळ वाचवण्यासाठी बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या समुद्रातून जातात, तर व्हँकुव्हरची जहाजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या अरुंद, आडोशाच्या पाण्यातून जातात. त्या वाटेवर सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी जागा आहे. भरती-ओहोटीच्या वेळी तिथला प्रवाह ताशी १५ सागरी मैलांपर्यंत धावतो, म्हणून प्रवाह थांबण्याच्या सुमारास ती ओलांडावी लागते आणि जहाजाचे त्या रात्रीचे सगळे गणित त्यावर बसवलेले असते. तिथल्या पाण्याखालच्या रिपल रॉक या खडकाने कित्येक जहाजे बुडवली होती. अखेर समुद्रतळाखालून बोगदे खणून, त्यांत १,२०० टनांहून अधिक स्फोटके भरून, ५ एप्रिल १९५८ रोजी त्याचा माथा उडवण्यात आला. जहाज तिथून बहुधा रात्रीच जाते, म्हणून दिसणार काय, असा प्रश्न ताईने केलाच. किनाऱ्यावरचे दिवे दोन्ही बाजूंनी जवळ येताना तरी दिसतील, एवढेच उत्तर माझ्यापाशी होते.

मंगळवार

हिमनदीच्या दिवसाबद्दल आमचे एकमत होत नाही. ताईला ग्लेशियर बेच पुन्हा हवी आहे आणि तिचे म्हणणे चुकीचे नाही. राष्ट्रीय उद्यान दिवसाला दोनच क्रूझ जहाजे आत सोडते, त्यामुळे त्या खाडीत जी शांतता मिळते ती इतर ठिकाणी मिळेलच असे नाही. मागच्या वेळी मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबले होते, तेव्हा आम्ही दोघी डाव्या बाजूच्या कठड्याशी उभ्या होतो. बर्फाच्या भिंतीचा एक उंच सुळका आवाज न करता खाली घसरला, पाण्यात फेसाचा पांढरा पट्टा उमटला आणि मग गडगडाट येऊन पोहोचला. डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले यांत जो क्षण गेला, त्यावरून ती भिंत दिसते त्याहून किती लांब आणि म्हणून किती उंच आहे, याचा अंदाज आला. त्याआधी मी तिला उगाचच लहान समजत होते.

तरीही मला त्या खाडीची दुसरी बाजू पाहायची आहे. उद्यानाच्या रेंजरनी जहाजावर येऊन सांगितलेली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १७५० च्या सुमारास बर्फ खाडीच्या तोंडापर्यंत येऊन भिडला होता. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसे तिथे आली, तेव्हा त्यांना खाडी अशी दिसलीच नाही; किनारा जेमतेम काही मैल आत वळलेला आणि पुढे बर्फाची भिंत. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्युअर होडीतून आले, तोवर बर्फ ४० मैलांहून अधिक मागे हटला होता, आणि आज खाडी सुमारे ६५ मैल लांब आहे. हे सगळे वर्णन बाहेरून आलेल्यांच्या नजरेचे झाले. बर्फ पुढे सरकत आला तेव्हा ज्यांची गावे त्याखाली गेली, ते तिथले मूळ रहिवासी, हूना त्लिंगित लोक, खाडी सोडून आयसी सामुद्रधुनीच्या पलीकडे जाऊन वसले, आणि त्यांचे आजचे गाव हूना हेच. गावाबाहेरच्या १९१२ च्या जुन्या मासळी डबाबंदीच्या कारखान्याभोवती उभारलेले आयसी स्ट्रेट पॉइंट हे बंदर त्यांच्याच ‘हूना टोटेम’ या संस्थेच्या मालकीचे आहे आणि २००४ पासून तिथे क्रूझ येतात. २०१६ मध्ये खाडीच्या तोंडाशी, बार्टलेट कोव्हला, त्यांनी आपल्या पूर्वजांच्या नावाचे कुलगृह पुन्हा उभे केले. मोठी जहाजे तिथे प्रवासी उतरवत नाहीत, त्यामुळे आम्ही त्याच्या समोरून गेलो असूनही ते आम्हाला घडले नाही.

म्हणून माझा आग्रह असा की एकदा ग्लेशियर बे पाहिलेल्या माणसाने दुसऱ्यांदा हूनाला उतरावे. देवमासे पाहायचे असले तरी ती जागा सरस आहे, कारण जवळच्या पॉइंट अ‍ॅडॉल्फसच्या आसपास उन्हाळाभर हंपबॅक देवमासे चरायला येतात आणि त्यासाठी बोटीतून तासभर दूर जावे लागत नाही.

हिमनदी म्हणून तेव्हा हबार्ड उरते. ती सुमारे १२२ किलोमीटर लांब आहे, समुद्राकडचे तिचे तोंड १० किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, आणि अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. उंचावर तिला बर्फ पुरवणारे क्षेत्र अवाढव्य आहे आणि तोंडापाशी तिनेच ढकलून आणलेल्या दगडगोट्यांचा बांध तिला खोल पाण्यापासून राखतो. १९८६ मध्ये तिने रसेल फ्योर्डचे (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली अरुंद खाडी) तोंड बंद केले, आत अडकलेले पाणी सुमारे २५ मीटर चढले आणि ऑक्टोबरमध्ये बांध फोडून समुद्रात गेले. हवामान बदलते आहे म्हणून सगळा बर्फ सारखाच वितळतो, अशी समजूत असलेल्याने ही हिमनदी जरूर पाहावी. प्रत्येक हिमनदीचा हिशेब वेगळा असतो. एक उणेपण मात्र लिहून ठेवते. समोरच्या पाण्यात तुटलेला बर्फ फार साचला तर कप्तान काही मैलांवरूनच जहाज वळवतो आणि त्याबद्दल कोणाकडे दाद मागता येत नाही.

गुरुवार

ताईने तिसराच पर्याय पुढे आणला: अलास्का राज्य सरकारची फेरीबोट. १९६३ पासून चालणाऱ्या या जहाजांवर गावोगावचे लोक मोटारी, सामानसुमान आणि मुलाबाळांसह प्रवास करतात, आणि काही प्रवासी तर वरच्या डेकवर तंबू ठोकून झोपतात. रँगेल आणि पीटर्सबर्ग ही मासेमारीची गावे त्यांच्या वाटेवर आहेत. त्या दोहोंमधल्या रँगेल नॅरोज या अरुंद वाटेतून मोठे क्रूझ जहाज जाऊच शकत नाही. रात्री तिथे लाल-हिरव्या दिव्यांच्या खुणांमधून फेरीबोट वळणे घेत जाते. वाचून मलाही मोह झाला. पण फेऱ्या मोजक्या, वेळा अडनिड्या आणि एका गावी उतरल्यावर पुढचे जहाज काही दिवसांनी. ताईच्या गुडघ्यांचा विचार करता रात्री-बेरात्री सामान घेऊन धक्क्यावर चढउतार करणे मला पटेना. तिने थोडा वाद घातला आणि मग, “तुझ्याच मनासारखे होऊ दे,” असे म्हणून चहा ठेवायला गेली. हा होकार होता की नाराजी, हे मला अजून नीटसे कळलेले नाही.

चहा घेताना तिने खरा पेच काढला. व्हिटियरला संपणाऱ्या काही एकेरी फेऱ्यांत ग्लेशियर बे तर आहेच, शिवाय दुसऱ्या दिवशी हबार्ड किंवा कॉलेज फ्योर्ड आहे. १८९९ च्या हॅरिमन मोहिमेने ज्या फ्योर्डातल्या हिमनद्यांना हार्वर्ड, येल, व्हॅसर, स्मिथ अशी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या महाविद्यालयांची नावे देऊन टाकली, तो हा फ्योर्ड. अशा मार्गावर दोन दिवस बर्फ मिळतो, पण बंदरे पुन्हा तीच तीन. उलट स्यूअर्डला संपणाऱ्या ज्या मार्गावर सिटका आणि हूना आहेत, त्यात हिमनदीचा दिवस एकच. म्हणजे अधिक बर्फ हवा की नवी गावे, इतका हा साधा प्रश्न आहे.

माझे उत्तर सिटकामुळे पक्के झाले. ते बॅरनॉफ बेटाच्या बाहेरच्या, प्रशांत महासागराकडच्या अंगाला आहे, त्यामुळे नेहमीच्या आतल्या वाटेवरच्या जहाजांना ते आडवाटेचे पडते आणि साच्यातल्या फेऱ्या ते टाळतात. रशियन अलास्काची राजधानी हीच. १८०४ मध्ये त्लिंगित आणि रशियन यांच्यात इथे लढाई झाली, आणि १८ ऑक्टोबर १८६७ रोजी इथल्याच टेकडीवर रशियाचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवण्यात आला; अख्ख्या अलास्काचा सौदा ७२ लाख डॉलरना झाला होता. गावाच्या मधोमध असलेले सेंट मायकेलचे रशियन चर्च १९६६ च्या आगीत जळाले, पण गावकऱ्यांनी आतली बहुतेक मूर्तिचित्रे हातोहात बाहेर काढून वाचवली आणि नंतर जुन्या आराखड्यानुसार चर्च पुन्हा बांधले. मोठ्या जहाजांचा धक्का गावापासून काही मैल दूर आहे आणि बसने यावे लागते, म्हणून तिथला मुक्काम निदान आठ तासांचा असेल तरच मार्ग घ्यायचा, अशी खूणगाठ बांधली आहे.

गर्दीचाही विचार केला. स्कॅगवे हे जेमतेम हजार-बाराशे वस्तीचे गाव, आणि त्याच्या एका रस्त्यावर एकाच दिवशी चार मोठी जहाजे रिकामी होतात. जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आहे. पाच हा आकडाही काही लहान नव्हे. त्या त्या दिवशी बंदरात किती जहाजे असतील, हे आधी पाहता येते. तारीख एखाद्या दिवसाने पुढेमागे केली की गावाचे रूप पालटते.

शनिवार

महिना जूनचा पहिला पंधरवडा ठरला. केचिकनमध्ये वर्षाला ३,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण एप्रिल ते जून हे महिने त्यातल्या त्यात कोरडे असतात. ओढ्यांत चढणारे सामन मासे आणि त्यांच्यामागे येणारी अस्वले हा जुलै-ऑगस्टचा सोहळा, तो आमचा हुकेल. उत्तरेचे रंगीत प्रकाशही दिसायचे नाहीत, कारण रात्र धड काळोखी होतच नाही. त्या बदल्यात डोंगरांवर खालपर्यंत बर्फ असेल आणि स्यूअर्डला दिवस जवळजवळ १९ तासांचा असेल.

ताईचे मन वळले ते शेवटच्या टप्प्यामुळे. एकेरी मार्गात विमानाचे भाडे वाढते, हे खरेच आहे. एका शहरी उतरून दुसऱ्याच शहरातून परतायचे म्हटले की तिकीट महागतेच. पण स्यूअर्डला उतरल्यावर लगेच विमानतळ गाठायचा नाही, दोन रात्री तिथेच राहायचे, असे ठरवले तर तो खर्च सार्थकी लागतो. जवळच एक्झिट हिमनदी आहे. तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेने, कोणत्या वर्षी बर्फाची कड कुठवर होती, ते सांगणाऱ्या पाट्या लावल्या आहेत. नुसते वर्ष लिहिलेले, बाकी काही नाही. जहाजाच्या कठड्यावरून जे कोणी सांगेल तेव्हाच कळते, ते इथे पायांनी मोजता येते. खालची वाट सपाट आहे, तेव्हा गुडघ्यांचाही प्रश्न नाही. तिथून अँकरेजपर्यंत सुमारे चार तासांची आगगाडी आहे. हे ऐकल्यावर ग्लेशियर बेचा विषय ताईने स्वतःहून सोडला.

आता केबिनची बाजू तेवढी ठरवायची आहे. उत्तरेकडे जाताना जमीन उजव्या हाताला राहते, म्हणून उजवीकडची केबिन मागितली आहे. हिमनदीसमोर कप्तान जहाज सावकाश गोल फिरवतो, त्यामुळे तिथे बाजूने फरक पडत नाही. पण अलास्काच्या आखातातून जाताना, आकाश स्वच्छ असले तर, सेंट इलायस पर्वताची रांग त्याच बाजूला दिसेल. उजवीकडच्या केबिन थोड्याच शिल्लक आहेत असे कळले, त्यामुळे सोमवारी सकाळीच आगाऊ रक्कम भरून टाकायची आहे.