तुम्ही विचारलंत म्हणून : मोठ्या घरात सुख वाढलं का?

नौपाड्यातली वन रूम किचन सोडून घोडबंदर रोडला टू बीएचके घेतला, त्याला सहा वर्षं झाली. तरी लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "काय मग, आता मजा ना?" पंगतीत "हो हो" म्हणून मी मोकळी होते. खरं उत्तर जिलबीच्या ताटावर देण्याजोगं नाही.

लिफ्टचं सुख अजून शिळं झालेलं नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावरून त्या महिना-महिना खाली उतरायच्या नाहीत. आता रोज संध्याकाळी बाकावर बसून अर्ध्या सोसायटीच्या सुनांची खबर आणतात. (माझीही तिथे पोचत असणारच.) "पैशानं सुख मिळत नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा ते गुडघे घेऊन तीन जिने चढून दाखवावेत.

सोफ्याचं मात्र तसं झालं नाही. एल आकाराचा, मोतिया रंगाचा, हप्त्यांवर घेतलेला. डाग पडू नये म्हणून त्यावर जुनी चादर. बेल वाजली की मी चादर गोळा करून बेडरूममध्ये पळते. सोफा आमचा, बसतात पाहुणे.

टिम कॅसर आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली अमेरिकेतल्या तरुणांबद्दल लिहिलं, की ज्यांनी पैशातल्या यशाला नात्यागोत्यांच्या आणि बाकी ध्येयांच्या वर बसवलं होतं, त्यांचं मन जास्त अस्वस्थ होतं. पैसा किती आहे यापेक्षा तो मनातल्या यादीत कितव्या नंबरावर आहे, हा मुद्दा. आता, मन खट्टू असलेला माणूसही मॉलकडेच वळतो, तेव्हा आधी काय नि नंतर काय हे ठरवणं कठीणच. पण माझ्यापुरतं मला दिसतं : लिफ्ट आम्ही वापरायला घेतली, सोफा दाखवायला.

हे एवढं कळलंय म्हणून मी सुधारले, असं समजू नका. शेजारच्यांकडे भिंतभर टीव्ही आला, तेव्हा परवा मी टेप घेऊन हॉलची भिंत मोजत होते. सासूबाई सोफ्याच्या कडेला टेकल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, आधी ही चादर तरी धू."