सर्चमधून येणारी माणसं निम्म्यावर आली तेव्हा काय काय तपासलं: माझा अनुभव

गच्चीवरच्या बागेवर माझी एक मराठी साईट आहे, 2014 पासून चालवतेय, पुण्यात सहकारनगरला आमच्या गच्चीवर जे लावलं, जे जगलं आणि जे मेलं त्याच्या नोंदी. जाहिरातींमधून होस्टिंग-डोमेनचा खर्च निघून वर कुंड्या-मातीपुरते पैसे उरायचे. 2023 च्या सप्टेंबरपासून सर्चमधून येणारी माणसं कमी व्हायला लागली आणि 2024 च्या एप्रिलपर्यंत निम्म्यावर आली. याच काळात रिझल्ट कसे लावायचे यात गूगलचे मोठे बदल, म्हणजे अपडेट, होऊन गेले होते, सप्टेंबर 2023 चा हेल्पफुल कंटेंट अपडेट आणि मग मार्च 2024 चा कोअर अपडेट, जो 5 मार्चला सुरू झाला तो 19 एप्रिलला संपला, म्हणजे दीड महिना चालूच होता. त्यामुळे ज्याला विचारावं तो "अपडेटने मारलं" एवढंच सांगायचा. मला ते पुरेसं वाटेना. मारलं म्हणजे नक्की कुठे, कोणत्या पानाला, काय शोधणाऱ्या माणसाने यायचं बंद केलं?

त्याच दिवसांत एका एजन्सीचा फोन आला. तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर, गॅरंटी, ढीगभर बॅकलिंकचं (दुसऱ्या साईटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) पॅकेज, आणि सगळ्या देवनागरी यूआरएल, म्हणजे पानांचे पत्ते, बदलून इंग्रजी अक्षरांत करायच्या. मी सरळ नाही म्हटलं. गूगलच्या स्वतःच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, आणि विकत घेतलेल्या लिंकांवर तर गूगल कितीतरी वर्षांपासून कारवाई करतंय. यूआरएलचं म्हणाल तर देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक ओळ दिसते हे खरं, कारण एकेका अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, 9 चिन्हं होतात, आणि वर्डप्रेसमध्ये, म्हणजे माझी साईट ज्यावर चालते त्यात, पत्त्यातल्या पानाच्या नावाला 200 चिन्हांची मर्यादा असल्यामुळे काना-मात्रा धरून साधारण 22 अक्षरांनंतर ते मध्येच तुटतं. दिसायला वाईट दिसतं. पण गूगलला देवनागरी पत्ता नीट वाचता येतो, मग वर्षानुवर्षं लोकांनी एकमेकांना पाठवलेले पत्ते एका झटक्यात बदलायचे कशाला? नवीन पानांना मी छोटे पत्ते देते, जुन्यांना हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

खरी मदत झाली भाच्याची. तो हिंजवडीत एका कंपनीत डेटाचं काम करतो, रविवारी जेवायला आला तेव्हा मी सर्च कन्सोल (आपली साईट गूगलमध्ये किती दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन) उघडून तो उतरता आलेख दाखवला. त्याने आलेखाकडे बघितलंच नाही. "मावशी, तू टोटल बघूच नकोस, टोटल बघून कधीच काही कळत नाही, आधी तुलना लाव," म्हणाला. सर्च कन्सोलमध्ये कंपेअर म्हणून सोय आहे, त्यात दोन काळ समोरासमोर ठेवता येतात. मी आपली मागच्या महिन्याशी ताडून बघत होते, तो म्हणाला बागेच्या साईटला तसं चालणार नाही, एप्रिलमध्ये लोक वेगळं शोधतात आणि जूनमध्ये वेगळं, तुला मागच्या वर्षीचा तोच महिना हवा. आणि इथे एक फार महत्त्वाची गोष्ट, सर्च कन्सोल फक्त 16 महिन्यांचा डेटा ठेवतं, त्याच्या आधीचा निघून जातो. म्हणून त्याच दुपारी बसून सगळं एक्सेलमध्ये उतरवून घेतलं, आणि आता दर महिन्याला उतरवते. तुमची साईट कितीही छोटी असो, हे आजच सुरू करा, घसरण सुरू झाल्यावर जुना डेटा कुठूनही आणता येत नाही.

मग पानवार यादी काढली आणि प्रत्येक पानासमोर क्लिक, इम्प्रेशन (पान रिझल्टमध्ये किती वेळा दिसलं) आणि सरासरी पोझिशन (कितव्या जागी दिसलं) लिहिली. इथेच चित्र तीन तुकड्यांत फुटलं. काही पानांची पोझिशनच पडली होती, आधी तिसऱ्या-चौथ्या जागी असायची ती तिसाच्या पुढे गेली. काही पानं फक्त मोबाईलवर पडली होती, कॉम्प्युटरवर ठीक. आणि काही पानं अशी की पोझिशन जिथल्या तिथे, इम्प्रेशन उलट वाढलेली, तरी क्लिक निम्मे. एका आलेखात तिन्ही मिसळले होते, आणि तिघांचा इलाज वेगवेगळा होता.

पोझिशन पडलेली पानं बघितली तर बहुतेक सुरुवातीच्या वर्षांतल्या छोट्या नोंदी. जास्वंदीचंच सांगते. जास्वंदीला फुलं येत नाहीत ही एक नोंद, छाटणीची दुसरी, मिलीबग या किडीची तिसरी, पिवळ्या पानांची चौथी, प्रत्येक दहा-बारा ओळींची. 2014 साली मराठीत या विषयावर एवढंही कुठे नव्हतं म्हणून त्या वर असायच्या. आता डझनभर साईटींवर तेच मिळतं, मग माझ्या दहा ओळी कोणी का वर ठेवाव्यात?

मी क्वेरींची यादी उघडली, लोक नक्की काय टाईप करून या पानांवर येतात ती. (सगळ्या क्वेरी दिसत नाहीत, फार थोड्या लोकांनी शोधलेलं गूगल लपवून ठेवतं, त्यामुळे बेरीज जुळत नाही, घाबरू नका.) ही यादी मी अक्षरशः तासन् तास वाचली आणि मला वाटतं या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त कामाची तीच होती. मिलीबग हा शब्द फार थोडे लोक लिहितात. लोक लिहितात "जास्वंदीवर पांढरा कापूस", "झाडावर पांढरी बुरशी चिकट", "जास्वंदीला मुंग्या लागल्यात उपाय". अर्धेअधिक तर मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहितात. आता मुंग्या आणि पांढरा कापूस हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीतच, मिलीबग चिकट गोड द्रव सोडतो, तो खायला मुंग्या येतात आणि त्याच त्याला राखतात, म्हणून मुंग्यांची पावडर टाकून काही होत नाही, आधी कापूस काढावा लागतो. हे माझ्या एकाही नोंदीत एकत्र नव्हतं.

म्हणून चारही नोंदींचं एक मोठं पान केलं. सुरुवात कापूस दिसतो तिथूनच. एका फांदीचे फोनवर काढलेले फोटो, आधीचा, साबणाच्या पाण्याने धुतल्यावरचा, पुढच्या आठवड्यात परत उगवलेला, कारण तो परत येतोच आणि ते कोणी सांगत नाही. पुण्यात मार्च ते मे कोरड्या उन्हात मिलीबग का वाढतो ते लिहिलं. फुलं येत नाहीत त्यात नत्राचं खत जास्त झालं की नुसती पानं माजतात हे लिहिलं, आणि पाच-सहा तास ऊन नसेल तर खत घालूनही उपयोग नाही हेही स्पष्ट लिहिलं. गूगलने डिसेंबर 2022 मध्ये त्यांच्या क्वालिटी रेटर्सच्या मार्गदर्शिकेत एक्सपीरियन्स, म्हणजे लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव, हा मुद्दा मुद्दाम वाढवला. त्याचा काही थेट स्कोअर नसतो, ती माणसांनी रिझल्ट तपासायची पद्धत आहे, पण मला त्यातून एक धीर आला की माझ्याकडे जे आहे ते, म्हणजे गच्ची, तेच मांडायचंय.

जुन्या चारही पत्त्यांवरून नव्या पानाकडे 301 रीडायरेक्ट लावले, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो. रीडायरेक्ट जुळत्या पानाकडेच करा, सगळं उचलून होमपेजकडे वळवलं तर गूगल त्याला सॉफ्ट 404, म्हणजे ते पान नाहीच असं, धरतं आणि काही हाती लागत नाही. ज्या नोंदींना जुळतं पानच नव्हतं, उदाहरणार्थ कधीच्या काळी झालेल्या फुलांच्या प्रदर्शनांच्या तारखा, त्या काढून टाकल्या.

वर्डप्रेसचे टॅग हा अजून एक पसारा. जास्वंद, जास्वंदी, जास्वंदीचे झाड असे तीन टॅग, तिघांची तीन पानं, आणि तिन्हींवर त्याच नोंदी. इंडेक्सिंगच्या रिपोर्टमध्ये "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" (गूगलने बघितलेली पण आपल्या यादीत न घेतलेली पानं) असा जो मोठा आकडा दिसत होता त्यात बहुतेक हीच होती. त्यांना नोइंडेक्स, म्हणजे हे पान यादीत घेऊ नको अशी गूगलसाठीची खूण, लावलं. इथे एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, नोइंडेक्स लावल्यावर तेच पान रोबॉट्स फाईलमध्ये (कोणती पानं उघडू नको ते गूगलला सांगणारी फाईल) ब्लॉक करायचं नाही. ब्लॉक केलं तर गूगलला पान उघडताच येत नाही, मग त्यावरचं नोइंडेक्स त्याला दिसणार कसं?

मोबाईलवर पडलेल्या पानांचं काम त्या मानाने लवकर उरकलं. पेजस्पीड या गूगलच्या वेग मोजायच्या साधनात पान तपासलं, तिथे पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट 2.5 सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, माझ्याकडे दुपटीहून जास्त सेकंद लागत होते. दोन कारणं सापडली. वरचा मोठा फोटो लेझी लोडिंगवर होता, म्हणजे जो आधी यायला हवा तोच मुद्दाम उशिरा येत होता. आणि फॉन्ट. देवनागरी फॉन्टची फाईल जोडाक्षरांमुळे इंग्रजीपेक्षा बरीच मोठी असते, आणि थीमने एकाच फॉन्टची पाच वजनं मागवून ठेवली होती, हलकं, मध्यम, ठळक वगैरे. भाच्याने दोन ठेवली, बाकी काढली, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्याच अक्षरांत मजकूर दिसेल अशी सोय केली. जाहिरातींची जागा आधीच राखून ठेवली म्हणजे वाचताना मजकूर खाली ढकलला जात नाही. हे केल्यावर दुसऱ्या दिवशी सर्च कन्सोल उघडून बसू नका, तिथला वेगाचा आकडा खऱ्या वाचकांच्या मागच्या 28 दिवसांचा असतो, तो हळूहळूच हलतो.

तिसरा प्रकार, पोझिशन तीच पण क्लिक कमी, याचं मला अजूनही वाईट वाटतं. ऑगस्ट 2024 मध्ये एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे रिझल्टच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर, भारतात आले, इंग्रजी आणि हिंदीतून, आणि एखाद्या साईटवरून उचललेल्या उत्तराचा चौकोन तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. उत्तर वरच मिळालं की माणूस खाली येत नाही, साहजिकच आहे, मी पण येत नाही. सर्च कन्सोलमध्ये हे आकडे वेगळे काढून दाखवत नाहीत, सगळ्या सर्चमध्येच धरतात, त्यामुळे नक्की किती कशामुळे गेलं ते सांगता येत नाही. पैशांपेक्षा दुसरंच काही माझ्या मनाला लागतं. पाण्यातल्या मनी प्लांटचं पान घ्या. "पाणी किती दिवसांनी बदलायचं" याचं उत्तर एका ओळीचं आहे, आठवड्याने. पण त्या पानावर खाली मी लिहिलंय की हा आठवडा झाडासाठी नाही, डासांसाठी आहे. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाने अंडी घातल्यापासून नवा डास उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे पावसाळ्यात नुसतं पाणी बदलायचं नाही तर बाटली आतून घासायची, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. आमच्याच सोसायटीत लोकांना डेंग्यू झालाय, ती ओळ माझ्यासाठी पूर्ण पानापेक्षा महत्त्वाची आहे आणि वरच्या एका ओळीत ती जात नाही.

पानाला नोस्निपेट ही खूण लावून त्यातलं उत्तर वर दाखवणं बंद करता येतं, पण मग साध्या रिझल्टखालचा मजकूरही जातो आणि मराठी शोधणाऱ्याला पान कशाचं आहे तेच कळत नाही, म्हणून मी लावलं नाही. त्याऐवजी अशा पानांवर महत्त्वाची गोष्ट, जशी ती बाटली घासायची, आता पहिल्याच वाक्यात आणलीये, कोणी एकच ओळ उचलली तरी ती बरोबर जावी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक चॅनल सुरू केलंय, पुण्याच्या हवेप्रमाणे या आठवड्यात काय करायचं एवढंच तिथे टाकते, त्या लोकांना सर्चमधून यावंच लागत नाही.

सुधारणा केल्यावर बरेच आठवडे आलेख ढिम्म हलला नाही. गूगल स्वतःच सांगतं की असे बदल लक्षात यायला काही महिने लागू शकतात, कधीकधी पुढचा कोअर अपडेट यावा लागतो. 15 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर 2024 च्या कोअर अपडेटनंतर जास्वंदीचं पान गूगलच्या रिझल्टच्या पहिल्या पानावर परत आलं, त्याच्या मागून तुळस आणि कढीपत्ता. गुलाबाचं पान अजून खालीच आहे, त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेली दोन-तीन पानं वर आहेत, मी ती वाचली आहेत, ती खरंच चांगली आहेत. एकूण माणसं आधीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास आलीत, आणि पोझिशन टिकूनही गेलेले क्लिक परत येतील असं मला वाटत नाही.

सध्या मोगऱ्याच्या नोंदी एकत्र करायचं काम चालू आहे. क्वेरींमध्ये "मोगऱ्याच्या कळ्या लाल पडून गळतात" खूप दिसतंय आणि माझ्याकडे त्याचे स्वतःचे फोटो नाहीत, तुमच्या कुंडीत तसं झालं असेल तर फोटो पाठवा, नावानिशी लावेन, सोबत कुंडी किती इंचाची आणि ऊन किती तास पडतं तेवढं लिहा.