बर्फवाल्याबरोबर सायबेरिया

रशियाला जायचं तर फेब्रुवारीतच, हा आग्रह ह्यांचा. ट्रॅव्हलवाला जून-जुलै सुचवत होता, मुलगी फोनवर रडकुंडीला आली होती. पण ह्यांची अख्खी नोकरी रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फ कारखान्यात गेली. मच्छीमार बोटी बाहेर पडण्याआधी त्यांच्या खणात जो बर्फ भरतात, तो करायचं काम. 'जन्मभर उकाड्यात बर्फ केला, आता आपसूक झालेला बघायचाय,' एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला ते मनापासून पटलं.

मॉस्कोच्या यारोस्लाव्हस्की स्टेशनातून निघालेली गाडी ९,२८८ किलोमीटर कापून पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या व्लादिवोस्तोकला पोचते. आपली कोकण रेल्वे ७४१ किलोमीटर, म्हणजे हिशेब करा. थेट गेलं तर आठवडाभर लागतो. आम्ही मध्ये इर्कुत्स्कला उतरलो. चार बर्थची, दार लावता येणारी खोली, तिला तिकडे 'कुपे' म्हणतात. आम्हाला खालचे दोन्ही बर्थ मिळाले. वरचे प्रवासी बदलत राहिले. एक आजी उकडलेले बटाटे आणि खारवलेल्या काकड्या घेऊन चढल्या आणि आम्हाला वाढल्याशिवाय जेवल्या नाहीत. मी त्यांना गरम पाण्यात आमसुलं आणि साखर घालून दिली. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, याचा मला फार आनंद झाला.

गरम पाण्याची चिंताच नव्हती. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा भलामोठा बंब असतो, रात्री-अपरात्री कधीही जाऊन भरून आणा. आमचे पोहे, मेतकूट, सातूचं पीठ सगळं त्याच पाण्यावर चाललं. बाहेर उणे तीस आणि आत लोक सपाता घालून, पातळ सदऱ्यात फिरतायत! ही ऊब राखतात त्या प्रोवोदनित्सा, म्हणजे डब्याची जबाबदारी असलेल्या बायका. आमच्या डब्यात दोघी होत्या, एक झोपली की दुसरी कामावर. कोळसा टाकायचा, जाजम झाडायचं, संडास धुवायचे, कुणाला कुठल्या स्टेशनवर उठवायचं ते लक्षात ठेवायचं. आणि गाडी जरा जास्त वेळ थांबली की हातात लोखंडी पहार घेऊन खाली उतरायचं. डब्याची ऊब लागून वितळलेलं पाणी खाली ओघळतं आणि पायऱ्यांखाली, नळांच्या तोंडांशी पुन्हा गोठतं. ते ढेकूळ वेळेवर फोडलं नाही तर सगळंच अडून बसतं.

हे प्रत्येक मोठ्या स्टेशनवर तिच्या मागोमाग उतरायचे. ती पहार कुठे मारते, किती तिरकी धरते, बर्फ कुठून तडकतो, अगदी वाकून बघायचे. एकदा टोपी न घालता उतरले, तर तिने पहार टेकवून स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं आणि असं काही सुनावलं की भाषा न येताही हे मुकाट्याने परत वर आले. संध्याकाळी मला म्हणाले, 'अगं, हिला बर्फाची नस कळते. आमच्याकडे नवीन पोराला वर्षभर कळत नाही.' चाळीसेक वर्षांच्या संसारात बर्फाला नस असते हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

खिडकीबाहेरचं काय सांगू? भूर्जाची झाडं, बर्फ, एखादं लाकडी घर, पुन्हा भूर्ज. वोल्गासकट बहुतेक नद्या पांढऱ्या सपाट. घड्याळं पुढे सरकत जातात, मॉस्को आणि व्लादिवोस्तोकमध्ये सात तासांचा फरक. पूर्वी तिकिटावर सगळीकडे मॉस्कोचीच वेळ असायची. २०१८च्या ऑगस्टपासून तिथली स्थानिक वेळ छापतात, त्यामुळे आमची सोय झाली.

इर्कुत्स्कहून बैकाल बघायला गेलो. जगातलं सगळ्यांत खोल तळं, १,६४२ मीटर. आणि त्याच्या गोठलेल्या पाठीवर आम्ही चालत होतो. हे थोडं चालून सरळ पोटावर आडवे झाले, हातमोज्याने वरचं भुरभुरीत बर्फ बाजूला केलं आणि मला बोलावलं. खाली काचेसारखा आरपार बर्फ, त्यात वरून खाली गेलेल्या बारीक चिरा. 'कारखान्यातल्या बर्फाच्या लादीच्या पोटात पांढरं असतं, बघितलंयस ना? साच्याच्या डब्यातलं पाणी चारी बाजूंनी गोठत येतं, आतली हवा मधोमध कोंडते. म्हणून आम्ही नळीने हवा सोडून पाणी ढवळत ठेवायचो. इथे एकाच बाजूने, वरून खाली, सावकाश. हवेला पळायला वाट आहे.' असं बोलताना ह्यांचा चेहरा मी कारखान्यात कधी पाहिला नव्हता, कारण मी कारखान्यात कधी गेलेच नव्हते.

१९०४ साली जपानशी युद्ध पेटलं तेव्हा तळ्याला वळसा घालणारा लोहमार्ग पुरा झाला नव्हता. मग याच बर्फावर रूळ टाकले आणि घोडे जुंपून डबे पलीकडे नेले. हे ऐकल्यावर ह्यांनी पाय आपटून बघितला आणि मान डोलावली.

पण ज्यासाठी आलो ते व्लादिवोस्तोकला. तिथे अमूरच्या आखातात समुद्र गोठलेला होता. समुद्र! कारखान्यात लाद्यांचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवतात, कारण ते पाणी शून्याखाली गेलं तरी पातळ राहतं. ह्यांची सगळी विद्या त्या भरवशावर. समुद्राचं पाणी उणे दोनच्या जरा अलीकडे गोठतं हे त्यांना तोंडपाठ होतं, तरी किनाऱ्यावर ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग एक तुकडा तोडून जिभेवर ठेवला आणि मलाही दिला. समुद्राच्या मानाने फारच कमी खारट. गोठताना पाणी मीठ बाहेर टाकतं, ते तिथे चाखून कळलं.

आत दूरवर माणसं स्टुलांवर बसून गळ टाकत होती. हाताने फिरवायच्या गिरमिटाने भोक पाडायचं, त्यात दोरी सोडायची. कोर्युश्का नावाची बोटभर, रुपेरी मासळी. बाहेर काढून बर्फावर टाकली की थोड्याच वेळात काडीसारखी कडक. बर्फाचा खर्च शून्य! ह्यांनी फोनवर भाषांतर करून एका म्हाताऱ्याला बर्फाची जाडी विचारली. त्याने गिरमिटावर हात लावून दाखवली. मग मिरकरवाड्याचे फोटो बघितले, लाद्यांचा ढीग बघून खो खो हसला, आणि आमची पिशवी उघडायला लावून ओंजळभर मासे टाकले.

ताज्या कोर्युश्काला चक्क काकडीचा वास येतो. भाड्याच्या घरात चूल होती, दुकानात रवा मिळाला, मालवणी मसाला पिशवीत होताच. डोक्या-काट्यांसकट कुरकुरीत तळली. ह्यांचं मत, मसाला कमी हवा होता, काकडीचा वास दबला. दुसऱ्या दिवशी नुसतं मीठ लावून केली. त्यांचं बरोबर होतं.