देणगीचा रुपया न्यूरोएंडोक्राइन कर्करोगात नेमका कुठे लागतो

तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगावर औषध काढणाऱ्या कंपनीला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. न्यूरोएंडोक्राइन गाठींचं तसं नाही. आतडं, स्वादुपिंड, फुप्फुस, अपेंडिक्स, जिथे जिथे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी आहेत तिथे त्या उठू शकतात. रुग्ण मुळात थोडे, त्यात प्रत्येक जागेच्या गाठीची तऱ्हा वेगळी. शिवाय पुष्कळशा गाठी इतक्या सावकाश वाढतात की औषध लागू पडलं का, हे कळायलाच वर्षं जातात. व्यापारी हिशेबाने हा आतबट्ट्याचा धंदा. म्हणून इथे पहिला पैसा बहुधा धर्मादाय संस्थेचा असतो, आणि रक्कम लहान असली तरी तिचा परिणाम दिसतो.

२०११ सालचं काम घ्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने स्वादुपिंडाच्या ६८ न्यूरोएंडोक्राइन गाठींतली जनुकं तपासली. पैसे देणाऱ्यांत केअरिंग फॉर कार्सिनॉइड फाउंडेशन ही रुग्णांच्या बाजूने उभी राहिलेली अमेरिकी संस्था होती. आज तिचं नाव न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर रिसर्च फाउंडेशन. ४४ टक्के गाठींत मेन-१ जनुक बिघडलेलं निघालं, ४३ टक्क्यांत डॅक्स किंवा एटीआरएक्स ही जनुकं. याचा रुग्णाला उपयोग काय? भरभर वाढणाऱ्या गाठी दोन जातींच्या असतात. एक सुविभेदित (पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसणारी) पण ग्रेड ३ ची, म्हणजे वेगाने वाढणारी गाठ, दुसरी खरी न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी दोन्ही सारख्याच दिसतात. डॅक्स किंवा एटीआरएक्सचा स्टेन (प्रथिन दाखवणारा रंग) गायब असेल तर पारडं पहिलीकडे झुकतं; पी-५३ आणि आरबी ही जनुकं बिघडलेली असतील तर दुसरीकडे. दुसरीला प्लॅटिनमयुक्त औषध आणि इटोपोसाइड यांची केमो देतात, पहिलीवर ती फारशी लागू पडत नाही. देणगीतून झालेलं काम असं थेट स्लाइडवर उतरलं.

आता जिथे हा पैसा सहज वाया जातो ते सांगतो: नमुना. बायोप्सीचा तुकडा दहा टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये साधारण ६ ते ७२ तास राहायला हवा. कमी राहिला तर आतला भाग कच्चा राहतो, फार दिवस राहिला तर स्टेन नीट उठत नाही. मग की-६७ चा, म्हणजे किती टक्के पेशी वाढीला लागल्या आहेत याचा, आकडा चुकतो, आणि ग्रेड तर मुख्यतः त्याच आकड्यावर ठरते: ३ टक्क्यांखाली ग्रेड १, ३ ते २० टक्के ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. मोजणी सर्वांत दाट रंगलेल्या भागात किमान ५०० पेशींवर करायची असते. सुईने काढलेल्या चिमूटभर तुकड्यात तेवढ्या पेशीच नसतात, आणि गाठ आहे त्यापेक्षा गरीब वाटते. रिपोर्टमध्ये नुसतं ‘लो ग्रेड’ लिहिलं असेल तर टक्का मागून घ्या.

गोव्यातून मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दुसरं मत घ्यायला जाणाऱ्यांनी नुसत्या स्लाइड नेऊ नयेत, पॅराफिनचा ब्लॉकही (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) न्यावा. नवा स्टेन करायचा तर नवा काप लागतो. मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीच्या काचेखाली ठेवू नका. मेण मऊ पडतं. कोकणकन्या गाडीत तो हातातल्या पिशवीत असावा.

रक्त-लघवीच्या तपासण्यांत तर आपल्या स्वयंपाकघराचाच हात असतो. चोवीस तासांच्या लघवीत फाइव्ह-एचआयएए (काही गाठी सोडतात त्या सेरोटोनिनपासून बनणारा पदार्थ) मोजतात. त्याआधी तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगी, अक्रोड, अवोकॅडो बंद. म्हणजे मयड्याची केळी नाहीत, सालदाती नाहीत, आगशीची वांगीसुद्धा नाहीत. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी धरायची. एकदाची जरी सांडली तरी आकडा खोटा. डब्यात आम्ल घातलेलं असतं, ते ओतून डबा धुणारे महाभाग असतात. डबा थंड जागी ठेवावा.

क्रोमोग्रॅनिन-ए (या गाठी रक्तात सोडतात ते प्रथिन) या रक्ततपासणीला पँटोप्राझोल, ओमेप्राझोल चकवतात. पित्तावरची ही गोळी रोज घेणाऱ्याचा आकडा गाठ नसतानाही चढलेला दिसतो. ती सुमारे दोन आठवडे थांबवून तपासणी करतात, पण डॉक्टरांना विचारूनच. गॅस्ट्रिनोमाच्या (पोटातलं आम्ल वाढवणाऱ्या गाठीच्या) रुग्णाने ती एकदम सोडली तर अल्सर फुटू शकतो. अशा चुकलेल्या आकड्यांवर उभी केलेली रुग्णनोंद (संशोधनासाठी ठेवलेली रुग्णांची नोंदवही) कितीही देणगी ओतली तरी सुधारत नाही.

उपचाराकडे वळू. ल्युटेशियम-१७७ डोटाटेट हे किरणोत्सर्गी औषध गाठीच्या पेशींवरच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरला (त्या संप्रेरकाच्या खाचेला) चिकटतं आणि आतून किरणोत्सर्ग करतं. नेटर-१ चाचणीत (२०१७) आतड्याच्या मधल्या भागातल्या गाठींना ७.४ गिगाबेकेरेलचा (किरणोत्सर्गाचं एकक) डोस आठ-आठ आठवड्यांनी चार वेळा दिला. ऑक्ट्रिओटाइड या नेहमीच्या संप्रेरक-इंजेक्शनच्या वाढीव डोसाशी तुलना करता आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७९ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंड वाचावं म्हणून सोबत लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं सलाइनमधून चार तास चढवतात. त्यांच्या जागी बाजारातलं अनेक अमिनो आम्लांचं तयार मिश्रण वापरलं की उलट्या फार होतात, आणि लोक समजतात औषधच वाईट.

ल्युटेशियमचं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६.६५ दिवस. म्हणजे साठा करून ठेवता येत नाही. आपल्याकडे ते तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार होतात. शेजारचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलं. सरकारकडे ते पुढे १९५७ मध्ये गेलं. धर्मादाय पैशाने सुरुवात करायची आणि सरकारने पुढे न्यायचं, ही रीत आपल्याला नवी नाही.

कंपनी विचारणार नाही असे प्रश्न बरेच उरतात. लॅनरिओटाइड या ऑक्ट्रिओटाइडसारख्याच औषधाचं १२० मिलीग्रॅमचं इंजेक्शन दर २८ दिवसांनीच हवं का, की काहींना अंतर वाढवता येईल? ल्युटेशियमचे चारच डोस का, मूत्रपिंडाला प्रत्यक्ष किती मात्रा पोचली ते मोजून का ठरवू नये? औषध कमी खपेल अशी चाचणी विकणारा कशाला करील? टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब हे महागडं प्रतिकारशक्तीवरचं औषध नेहमीच्या २४० ऐवजी २० मिलीग्रॅम देऊन २०२३ मध्ये दाखवलं की असे प्रश्न इथे विचारता येतात आणि उत्तरही मिळतं. माझ्या मते देणगीदाराने पैसे असल्या प्रश्नांवर लावावेत. प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या चमकदार बातम्यांना भुलू नये. बॉन-१ आणि क्यूजीपी-१ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेशी इतक्या भराभर वाढतात की सावकाश वाढणाऱ्या गाठीशी त्यांचं नातं पातळच.

१० नोव्हेंबरच्या न्यूरोएंडोक्राइन कर्करोग दिनाला झेब्र्याचं चित्र (दुर्मीळ आजाराची खूण) लावून वर्गणी गोळा होते. पैसे देण्याआधी विचारा: नमुने कुठे साठवता, वीज गेली तर उणे ८० अंशांच्या फ्रीजरला जनरेटर आहे का, रुग्णाची संमती कुठल्या भाषेत घेता, चाचणी फसली तरी निकाल छापणार का. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर इथे प्राप्तिकरात सूट मिळत नाही, २००० रुपयांवरच्या रोख देणगीवरही नाही. तेव्हा चेकने किंवा यूपीआयने द्या आणि पावती जपून ठेवा.